विश्लेषण : निवृत्त मुद्रण तंत्रज्ञाला सापडली गणिताची ‘टोपी’! आधुनिक गणितात सामान्य वाचक भर कशी घालतात?

संपूर्ण जमीन झाकेल, पण जिची नक्षी कधीच ठरावीक अंतराने पुन्हा येणार नाही, अशी एकाच आकाराची फरशी असू शकते का? गणितज्ञांना सुमारे सहा दशके सतावणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर २०२३ मध्ये मिळाले. तो आकार ज्यांना पहिल्यांदा दिसला, ते कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. छंद म्हणून आकारांशी खेळणारे ते एक निवृत्त गृहस्थ होते. फरशांच्या गणितात असे आधीही घडले आहे. एका गृहिणीने, टपाल छाटणाऱ्या एका कर्मचाऱ्याने या विषयात मोलाची भर घातली. हे शक्य झाले, कारण आधुनिक गणितातले प्रश्न कोणीतरी त्यांच्यापर्यंत समजेल अशा भाषेत पोहोचवले होते. काय आहे हा शोध, त्याची सिद्धता कशी आहे आणि देवळालीच्या एका शाळामास्तरांचा या परंपरेशी काय संबंध, याविषयी…

नेमका शोध काय?

इंग्लंडमधील पूर्व यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टन नावाचे गाव आहे. तेथील डेव्हिड स्मिथ हे निवृत्त मुद्रण तंत्रज्ञ. संगणकावर वेगवेगळे आकार तयार करायचे, ते एकमेकांना जोडून किती जागा व्यापतात हे पाहायचे, हा त्यांचा छंद. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना एक वेगळाच आकार सापडला. तो थोडासा टोपीसारखा दिसत होता. त्याचे तुकडे जोडत गेले, तर फट पडत नव्हती आणि नक्षीही पुन्हा येत नव्हती. स्मिथ यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापून हाताने जोडून पाहिले. तरीही तेच.

त्यांनी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ क्रेग कॅप्लन यांना हे कळवले. कॅप्लन यांच्या संगणकीय तपासणीतही आकार टिकला. पुढे केंब्रिजमधील सॉफ्टवेअर अभियंते जोसेफ सॅम्युएल मायर्स आणि अमेरिकी गणितज्ञ खाइम गुडमन-स्ट्रॉस हे दोघे सहभागी झाले. मार्च २०२३ मध्ये चौघांनी शोधनिबंध खुला केला. १३ बाजूंचा हा आकार आता जगभर ‘हॅट’ म्हणजे ‘टोपी’ या नावाने ओळखला जातो.

टोपी तयार करणे सोपे आहे. एक समभुज षटकोन घ्या. त्याच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक बाजूच्या मध्यापर्यंत रेघ ओढा. षटकोनाचे पतंगाच्या आकाराचे सहा तुकडे होतील. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे शेजारी शेजारी षटकोन काढून सगळ्यांचे असे पतंग केले आणि त्यातले विशिष्ट आठ पतंग एकत्र घेतले की टोपी तयार होते. इतका साधा आकार इतकी वर्षे कोणाला दिसला नाही, याचेच गणितज्ञांना अधिक आश्चर्य वाटले.

फरशीत गणित कुठून आले?

घरातील फरशी बहुधा चौरस किंवा आयताकृती असते. पदपथावर षटकोनी ठोकळेही दिसतात. पण नियमित पंचकोनी फरशी कुठे बसवलेली दिसत नाही. याचे कारण कोनांत आहे. एका बिंदूभोवती ३६० अंश असतात. चौरसाचा कोन ९० अंशांचा, म्हणून चार चौरस एका बिंदूभोवती नेमके बसतात. षटकोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून तीन बसतात. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून सहा. नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन ठेवले तर ३२४ अंश होतात, ३६ अंशांची फट उरते आणि चौथा त्यात मावत नाही.

बाजू आणि कोन समान हवेत, ही अट काढली की गंमत वाढते. कोणताही त्रिकोण घ्या, कितीही वेडावाकडा, त्याच्या प्रतींनी जमीन पूर्ण झाकता येते. कोणत्याही चौकोनाचेही तसेच. याउलट, सात किंवा त्याहून अधिक बाजूंचा आणि कुठेही आत न वळलेला आकार घेतला, तर त्याच्या प्रतींनी सगळी जमीन कधीच झाकता येत नाही. पाच बाजूंचे आकार या दोहोंच्या मध्ये पडतात. काही बसतात, काही बसत नाहीत. नेमके कोणते बसतात, याची यादी पूर्ण करायला गणिताला जवळपास शंभर वर्षे लागली.

‘पुनरावृत्ती नाही’ म्हणजे काय?

चौरस फरशांची नक्षी पारदर्शक कागदावर उतरवून घेतली आणि कागद बरोबर एक फरशी उजवीकडे सरकवला, तर कागदावरच्या सर्व रेघा खालच्या रेघांवर तंतोतंत बसतात. याला पुनरावृत्ती म्हणायचे. भिंतीचा कागद, साडीचे छापील कापड, मशिदीची किंवा वाड्याची जाळी यांत बहुतेकदा हेच दिसते. एक तुकडा ठरवायचा आणि तो सर्वत्र छापत जायचा.

आता विटांची भिंत पाहा. प्रत्येक थर मनाला येईल तितका पुढेमागे सरकवला, तर विटांचीही पुनरावृत्ती नसलेली रचना करता येते. मात्र त्याच विटांनी नियमित रचनाही होते. गणितज्ञांचा प्रश्न अधिक कडक होता. पुनरावृत्ती करायची ठरवली तरी करता येणार नाही, असा आकार आहे का? नियमितपणा ज्याला मुळातच अशक्य आहे, असा एकच आकार?

या काल्पनिक आकाराला ‘आइन्स्टाईन’ असे गमतीदार नाव मिळाले. त्याचा प्रसिद्ध शास्त्रज्ञाशी संबंध नाही. जर्मन भाषेत ‘आइन श्टाइन’ म्हणजे ‘एक दगड’. एकाच दगडात, म्हणजे एकाच फरशीत, काम करणारा आकार.

हा प्रश्न आला कुठून?

त्याची सुरुवात तर्कशास्त्रातून झाली. १९६१ मध्ये हाओ वांग या तर्कशास्त्रज्ञाने कडा रंगवलेल्या चौरस फरशांचा विचार मांडला. शेजारच्या फरशांच्या कडांचे रंग जुळलेच पाहिजेत, एवढाच नियम. अशा काही फरशांचा संच दिला, तर तो सगळी जमीन झाकेल की नाही, हे संगणकाला ठरवता येईल का? वांग यांचा अंदाज असा, की संच जमीन झाकत असेल, तर त्यातून पुनरावृत्ती असलेली रचनाही करता येईलच. हा अंदाज खरा असता तर संगणकाला उत्तर देता आले असते.

वांग यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्गर यांनी १९६६ मध्ये तो खोटा ठरवला. त्यांनी २०,४२६ प्रकारच्या फरशांचा असा संच दाखवला, जो जमीन झाकतो, पण पुनरावृत्तीला कधीच जुमानत नाही. त्यातूनच सिद्ध झाले, की कोणताही संच घेऊन ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणारी सार्वत्रिक संगणकीय पद्धत असूच शकत नाही. संगणक कितीही वेगवान झाला, तरी त्याने हे बदलणार नाही.

मग चढाओढ सुरू झाली ती संख्या कमी करण्याची. १९७१ मध्ये राफेल रॉबिन्सन यांनी ती सहावर आणली. १९७० च्या दशकात ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी केवळ दोन आकारांत हे साधले. कृष्णविवरांवरील कामासाठी २०२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे पेनरोज ते हेच. दोनावरून एकावर यायला मात्र पुढे जवळपास पन्नास वर्षे गेली. मध्यंतरी, २०१० मध्ये, ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या जोन टेलर यांनी जोशुआ सोकोलर यांच्यासोबत एका आकारापर्यंत मजल मारली होती. पण त्यात जुळणीचे वेगळे नियम लागत, किंवा फरशी एकसंध न राहता तुकड्यांत विखुरलेली असे. टेलर यादेखील हौशीच होत्या.

अनंत जमीन तपासली कशी?

संगणकावर लाख टोप्या जोडून दाखवल्या तरी काहीच सिद्ध होत नाही. लाखानंतर फट पडू शकते, किंवा दहा लाखांनंतर नक्षी पुन्हा सुरू होऊ शकते. येथे सिद्धता लागते. तिचा गाभा शाळकरी मुलालाही समजावा असा आहे.

महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. घरांची वाडी, वाड्यांचे गाव, गावांचा तालुका, तालुक्यांचा जिल्हा. प्रत्येक घर एकाच गावात असते, प्रत्येक गाव एकाच तालुक्यात. संशोधकांनी दाखवले, की टोप्या कशाही जोडल्या तरी त्यांना ठरावीक चार प्रकारच्या गटांत यावेच लागते. हे गट एकत्र येऊन त्याच चार प्रकारांचे मोठे गट करतात, ते आणखी मोठे, आणि ही उतरंड कधीच संपत नाही. शिवाय कोणती टोपी कोणत्या गटात, याला पर्याय नसतो. ते नक्षीच ठरवते. असंख्य शक्यता तपासण्याच्या या कामात संगणकाची मदत झाली.

आता समजा, ही नक्षी १० किलोमीटर पूर्वेला सरकवली आणि ती स्वतःवर तंतोतंत बसली. मग गाव गावावर बसले पाहिजे, तालुका तालुक्यावर आणि जिल्हा जिल्ह्यावर. पण जिल्हा १०० किलोमीटर रुंद आहे. तो १० किलोमीटर सरकला, तर त्याचा बराचसा भाग स्वतःच्याच जुन्या जागेवर आणि उरलेला शेजारच्या जिल्ह्यात जाईल. तो कोणत्याच एका जिल्ह्यावर नेमका बसणार नाही. म्हणून १० किलोमीटरची पुनरावृत्ती अशक्य. कोणी १००० किलोमीटरचा दावा केला, तर उतरंडीत आणखी वर जायचे. कितीही मोठे अंतर सांगा, त्याहून मोठा गट मिळतोच. पुनरावृत्तीची वाट अशी कायमची बंद होते.

या चौघांनी दुसरी, अगदी वेगळ्या धाटणीची सिद्धताही दिली. टोपीच्या काही बाजू ताणत आणि काही आखडत नेल्या, की जमीन झाकणाऱ्या आकारांचे एक अखंड कुटुंब मिळते. स्मिथ यांना नंतर सापडलेला, दहा पतंगांचा ‘कासव’ हा आकारही याच कुटुंबातला. कुटुंबाच्या दोन टोकांना त्रिकोणी जाळ्यावर बसणारे दोन साधे आकार आहेत. टोपीची नक्षी पुन्हा येत असती, तर या दोन टोकांच्या जाळ्यांत २ च्या वर्गमुळाचे प्रमाण यावे लागले असते. त्रिकोणी जाळ्यात ते प्रमाण कधीच येत नाही. विसंगती आली आणि दावा सिद्ध झाला.

मग ‘भूत’ कुठून आले?

शोध जाहीर होताच एक आक्षेप पुढे आला. टोपीने जमीन झाकताना काही टोप्या उलट्या, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या ठेवाव्या लागतात. सुमारे सात सुलट टोप्यांमागे एक उलटी. कागदाचा तुकडा उलटता येतो. पण घरात बसवायची फरशी एका बाजूनेच चकचकीत असते, ती उलटून कशी लावणार? मिस्त्रीच्या दृष्टीने ही दोन वेगळ्या आकारांची फरशी झाली.

याचेही उत्तर त्याच कुटुंबात दडलेले निघाले. सर्व बाजू समान लांबीच्या असलेल्या एका आकाराकडे स्मिथ यांचे लक्ष गेले. त्याच्या सरळ कडा वक्र केल्या, की उलट्या प्रतीला जागाच उरत नाही. पहिल्या निबंधानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, याच चौघांनी ‘स्पेक्टर’ म्हणजे ‘भूत’ हा आकार जाहीर केला. तो आरशातल्या प्रतिमेशिवाय सगळी जमीन झाकतो आणि पुनरावृत्ती करत नाही.

हौशी लोकांपर्यंत असे प्रश्न पोहोचले कसे?

याचे मोठे श्रेय मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाला जाते. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांनी १९५७ पासून सुमारे पाव शतक ‘मॅथेमॅटिकल गेम्स’ हे सदर लिहिले. गार्डनर यांचे शिक्षण तत्त्वज्ञानाचे. शाळेनंतर त्यांनी गणिताचा एकही अभ्यासक्रम पूर्ण केला नव्हता. एखादी गोष्ट स्वतःला समजेपर्यंत आपल्याला इतका वेळ लागतो, की ती वाचकाला कशी समजवायची हे आपोआप कळते, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांच्या सदराची यादी पाहिली तर ती आधुनिक गणिताचा इतिहासच वाटते. ऑक्टोबर १९७० मध्ये त्यांनी जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ वाचकांपुढे आणला. जानेवारी १९७७ मध्ये पेनरोज यांच्या फरशा सविस्तर मांडल्या. ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांची नवी सांकेतिक लिपी लिहून काढली. तिघांचा मूळ शोधनिबंध नियतकालिकात छापला गेला तो त्यानंतर, १९७८ मध्ये. म्हणजे सामान्य वाचकांना हे गणित अनेक तज्ज्ञांच्या आधी वाचायला मिळाले.

गार्डनर यांचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे होते. ते पत्रे वाचत. एखाद्या वाचकाच्या पत्रात काही नवे दिसले, की ते योग्य गणितज्ञाकडे पाठवत. रॉबर्ट अ‍ॅमन यांचे पत्र असेच पुढे गेले. पेनरोज यांच्याशी कोणताही संपर्क नसताना अ‍ॅमन यांनी स्वतंत्रपणे पुनरावृत्ती न होणाऱ्या फरशा शोधल्या होत्या. पुढे ते टपाल खात्यात पत्रे छाटण्याचे काम करत. त्यांच्या नावाच्या फरशा आज पाठ्यपुस्तकांत आहेत.

स्वयंपाकघरातील ओट्यावर काय घडले?

या सदराची सर्वात लक्षणीय वाचक म्हणजे सॅन दिएगोच्या मार्जोरी राइस. जुलै १९७५ मध्ये गार्डनर यांनी पंचकोनी फरशांवर लिहिले. १९६८ मध्ये रिचर्ड कर्शनर यांनी जमीन झाकणाऱ्या पंचकोनांचे आठ प्रकार दिले होते आणि यादी पूर्ण झाल्याचा दावा केला होता. लेख वाचून रिचर्ड जेम्स या वाचकाने नववा प्रकार पाठवला. डिसेंबरच्या अंकात ते छापून आले.

राइस यांच्या मुलासाठी हे मासिक घरी येत असे. पाच मुलांच्या या आईचे गणिताचे शिक्षण शाळेपुरते. एक सुटला म्हणजे आणखीही सुटले असतील, असे त्यांच्या मनाने घेतले. गणितज्ञांची चिन्हे माहीत नसल्याने कोन आणि बाजू लिहिण्याची स्वतःची चिन्हपद्धती त्यांनी तयार केली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्या आकृत्या काढत आणि कोणी आले की झाकून ठेवत. त्यांनी सापडलेला नवा प्रकार गार्डनर यांना पाठवला. गार्डनर यांनी तो गणितज्ञ डॉरिस शॅटश्नायडर यांच्याकडे तपासायला दिला. शॅटश्नायडर यांना ती चिन्हे प्रथम गूढ वाटली, पण उत्तर बरोबर होते.

१९७७ पर्यंत राइस यांनी एकूण चार नवे प्रकार शोधले. चौदावा प्रकार १९८५ मध्ये मिळाला आणि पंधरावा २०१५ मध्ये, तोही संगणकाच्या साहाय्याने. २०१७ मध्ये फ्रान्सचे मिखाएल राओ यांनी याहून अधिक प्रकार नाहीत, अशी संगणकाधारित सिद्धता मांडली. वॉशिंग्टनमधील ‘मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका’च्या इमारतीत प्रवेशद्वाराजवळ राइस यांच्या पंचकोनांची फरशी बसवण्यात आली.

देवळालीचा संबंध काय?

राइस यांचे लक्ष वेधणाऱ्या लेखाच्या चारच महिने आधी, मार्च १९७५ मध्ये, गार्डनर यांनी याच सदरात एका मराठी माणसाविषयी लिहिले होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ मध्ये डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधनासाठी संस्था नाही. संख्यांचे नाना प्रकार ते शोधत आणि त्यांना नावे देत. त्या काळी डेम्लो म्हटल्या जाणाऱ्या, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर ज्यांची कल्पना सुचली, त्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १२१ आणि १२३२१ या त्यांतल्याच.

त्यांची सर्वात प्रसिद्ध संख्या ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ५४३२ आणि चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च येते. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचाल.

यात काय विशेष, असे वाटू शकते. चार अंकांत मांडता येणाऱ्या संख्या दहा हजारच आहेत, त्यामुळे ही वजाबाकी कधीतरी चक्रात अडकणार हे नक्की. पण वेगवेगळी अनेक चक्रे असू शकली असती. सगळ्या वाटा एकाच विहिरीत उतरतात, हे खरे आश्चर्य आहे. दोन अंकी संख्यांवर हीच क्रिया करून पाहिली, तर तशी एकच विहीर मिळत नाही. तेथे संख्या गोल फिरत राहतात. कापरेकरांनी ही संख्या १९४६ मध्ये शोधली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. देशातील अनेकांनी या कामाला करमणूक मानून बाजूला ठेवले. जगभर नाव झाले ते गार्डनर यांच्या लेखानंतर. तोवर कापरेकर ७० वर्षांचे झाले होते.

अशा गणिताचा उपयोग काय?

उपयोग कधी आणि कुठून येईल, हे आधी सांगता येत नाही. १९८२ मध्ये इस्रायलचे डॅन शेख्तमन यांना एका मिश्रधातूत अणूंची पुनरावृत्ती नसलेली, तरीही सुबद्ध रचना दिसली. स्फटिक म्हणजे पुनरावृत्ती, अशी तोवरची व्याख्या होती. त्यामुळे सहकाऱ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पण अशी रचना कागदावर शक्य आहे, हे पेनरोज यांच्या फरशांनी आधीच दाखवले होते. या ‘क्वासिक्रिस्टल’च्या शोधासाठी शेख्तमन यांना २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सांकेतिक लिपीचे उदाहरण तर हातातल्या मोबाइलशी जोडलेले आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे महाकठीण. या एका गोष्टीवर ती लिपी उभी आहे. गार्डनर यांनी वाचकांना १२९ अंकी संख्येचे कोडे दिले होते. सोडवणाऱ्याला बक्षीस १०० डॉलर. ते सुटले १९९४ मध्ये, इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांच्या संगणकांवर. हीच कल्पना, कितीतरी मोठ्या संख्या घेऊन, पुढे इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांच्या प्रमुख आधारांपैकी एक झाली.

गणित ‘सोपे करणे’ म्हणजे नेमके काय?

या सर्व उदाहरणांत काही गोष्टी समान आहेत. प्रश्न एका वाक्यात सांगता येतो. पहिली पायरी कागद, कात्री किंवा साध्या वजाबाकीने स्वतः करून पाहता येते. आणि अवघड कुठे सुरू होते, ते वाचकापासून लपवलेले नाही. गार्डनर यांनी कर्शनर यांचा दावा जसा होता तसा, आठही प्रकारांसह मांडला. म्हणूनच तो अपुरा असल्याचे वाचकांना शोधता आले. ‘पंचकोनांचे गणित फार सुंदर आहे’ एवढेच त्यांनी लिहिले असते, तर राइस यांच्या हाती काहीच लागले नसते.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. स्मिथ यांना टोपी दिसली, पण सिद्धतेसाठी कॅप्लन, मायर्स आणि गुडमन-स्ट्रॉस लागले. राइस यांना शॅटश्नायडर लागल्या. अनोळखी माणसाचे, वेगळ्याच चिन्हांत लिहिलेले पत्र उघडून गांभीर्याने वाचणारा तज्ज्ञ नसेल, तर असे शोध वहीतच राहतात. कापरेकरांच्या बाबतीत नेमकी ही कडी बराच काळ कच्ची राहिली.

मराठीत काय चित्र आहे?

मराठीत गणित सामान्य वाचकांपर्यंत नेण्याचे काम गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी निष्ठेने केले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ अनेक घरांत वाचले गेले. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यावरून मोठा वाद झाला. भाषेचे वैभव हरवेल, जोडाक्षरांना मुले मुकतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. समितीचे म्हणणे असे, की मूल ६३ लिहिताना आधी सहा लिहिते, पण ‘त्रेसष्ट’ म्हणताना आधी तीन ऐकते. या उलटसुलट क्रमाने काही मुले पहिल्याच पायरीवर अडखळतात.

वादात कोणाचे बरोबर, यावर मतभेद राहतील. पण गणिताची भीती अनेकदा गणितामुळे नव्हे, तर ते ज्या शब्दांत समोर येते त्यामुळे बसते, हा मुद्दा त्या निमित्ताने घरोघरी पोहोचला. टोपीच्या शोधावर मराठीत लिहिताना ‘अनावर्ती’सारखा शब्द वापरता येतो, किंवा ‘नक्षी पुन्हा येत नाही’ असे म्हणता येते. अर्थ एकच, वाचक मात्र वेगळे.

आता कोणते कोडे शिल्लक आहे?

बरीच आहेत आणि काही हाताने करून पाहण्यासारखी आहेत. एक आकार घ्या. त्याच्या प्रतींनी त्याला सर्व बाजूंनी, फट न ठेवता वेढा. हा झाला पहिला थर. मग त्याभोवती दुसरा थर. काही आकार सगळी जमीन झाकतात, त्यांचे थर संपतच नाहीत. काहींना पहिला थरही जमत नाही. मधले आकार गमतीचे आहेत. ते काही थर नीट रचू देतात आणि मग अचानक अडतात. अडण्याआधी जास्तीत जास्त किती थर होऊ शकतात?

हा प्रश्न जर्मन गणितज्ञ हाइनरिश हेश यांच्या नावाने ओळखला जातो. अनेक वर्षे विक्रम पाच थरांचा होता. २०२० मध्ये सर्बियाच्या बोयान बाशिच यांनी सहा थर रचून अडणारा आकार दाखवला. सात थर रचून अडणारा आकार अजून कोणालाही सापडलेला नाही आणि तो असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. शोध सुरू करायला चौकटीचा कागद आणि कात्री पुरते.